पिवळ्या दिव्याची चोरी

१

गाडी बंद पडली ती नेमकी रेल्वेच्या रुळांवर.

दुपारचे बारा चाळीस झाले होते. पुढची चाकं रूळ ओलांडून पलीकडे, मागची दोन रुळांच्या मधोमध, आणि आत शाळेतून घरी निघालेली नऊ मुलं. मी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बारा पंचेचाळीसला फाटक पडतं हे मला माझ्या जन्मतारखेइतकं पाठ आहे. मनगटावरचं घड्याळ बारा चाळीस दाखवत होतं आणि गाडीतलं घड्याळ सात वाजून दहा मिनिटं. माणूस घाबरला की नको तेच डोळ्यांत भरतं. ते गाडीतलं घड्याळ गेले दोन आठवडे वेड्यासारखं चालत होतं. आज लावावं तर उद्या पुन्हा चुकलेलं, म्हणून मी त्याचा नादच सोडला होता.

"काकू, आपण इथे का थांबलो?" पहिलीतल्या एकाने विचारलं.

"गंमत," मी म्हणाले.

माझी दहा वर्षांची लेक शेजारी बसली होती. तिने गुपचूप स्वतःचा पट्टा सोडला आणि मागे वळून लहान मुलांचे पट्टे सोडायला लागली. ते बघून मी किल्ली तिसऱ्यांदा फिरवली.

घंटा वाजायला लागली. तेवढ्यात मागच्या गाडीतून एक माणूस उडी मारून धावत आला. त्याला सगळे गॉगल म्हणतात. त्याचीही शाळेचीच गाडी, आमच्याच आवारात उभी राहणारी, आणि आमचं दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तो ओरडला, "गिअर काढा वहिनी, नुसतं स्टिअरिंग धरा." फाटकवाला आणि तो, दोघांनी खांदा लावला. गाडी हलली. मागची चाकं रूळ ओलांडून खाली उतरली तेव्हा फाटक पडत होतं.

आगगाडी गेली. तिच्या वाऱ्याने आमच्या खिडक्या थरथरल्या. मुलांना खरंच गंमत वाटली, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

गॉगल माझ्या खिडकीशी आला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याने डोळ्यांवरचा काळा चष्मा काढला.

"सांगितलं होतं ना तुम्हाला मागच्या आठवड्यात," तो म्हणाला. "ही गाडी एक दिवस रुळांवर अडकणार."

सांगितलं होतं, हे खरं. पण रुळांवरच अडकणार हे त्याला कसं कळलं?

२

आता त्या पिवळ्या दिव्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गाडीच्या काट्यांखाली इंजिनाचं एवढंसं चित्र असतं. इंजिनात काही बिनसलं की ते पिवळं पेटतं. माझ्या गाडीत ते दोन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा पेटलं. मी गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाल्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असेल तर असेल, बाकी सगळे त्याला बदलूशेठ म्हणतात. दार करकरलं तरी त्याचं उत्तर एकच: "बदलून टाकू." त्याने धुराच्या नळीतला सेन्सर बदलला. आठवड्याने दिवा परत. मग प्लग बदलले. दिवा परत. शेवटी कॉइल बदलली. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं.

त्या तिसऱ्या दुरुस्तीनंतर मी स्वयंपाकघरात खाली बसून रडले. माझा नवरा आजारपणात गेला त्याला तीन वर्षं झाली. गाडी त्याची, फेऱ्या त्याच्या, मी फक्त त्याच्या जागेवर बसले. घरात मी, लेक आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. त्यांच्यासमोरच मी म्हणाले, "हा दिवा आता एकदा जरी लागला ना, तर गाडी विकीन आणि लेकीला घेऊन भावाकडे जाईन. दुसऱ्यांची पोरं पाठीवर घेऊन रोज अशी भीत भीत मी नाही गाडी चालवणार."

मामंजी मुळातच कमी बोलतात. आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेला माणूस, बोलायचं ते दोऱ्याने बोलणार. गाडीच्या सीटची कव्हरं त्यांनीच शिवलीत.

आणि त्यानंतर दिवा लागलाच नाही. दोन आठवडे नाही. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं एकदाचं. शाळेजवळच्या गतिरोधकावर इंजिन कधीमधी उचकी द्यायचं, पण दिवा नव्हता, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

त्या गुरुवारी रुळांवरही दिवा लागला नव्हता. इंजिन मरेपर्यंत गाडीने मला एका शब्दाने सावध केलं नाही.

मुलांना गॉगलच्या गाडीने पाठवून मी घरी आले. घडलेलं सांगितल्यावर मामंजींनी आधी मुलांचं विचारलं. सगळी सुखरूप आहेत म्हटल्यावर खाली बसले. खिशातून चष्म्याची डबी काढून तिचा रबरबँड ओढत बसले. डबीचं झाकण हल्ली नीट लागत नाही, म्हणून तो रबरबँड.

"दिवा लागला होता का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही मामंजी. मुळीच नाही."

त्यांनी हातातला पाण्याचा पेला न पिताच खाली ठेवला.

संध्याकाळी मुख्याध्यापिकेचा फोन आला. त्यांनी शब्द तोलून सांगितलं, "सोमवारी सकाळी मला लेखी हवं आहे. गाडी का बंद पडली आणि पुन्हा का पडणार नाही. ते नसेल तर गाडी शाळेच्या दारात आणू नका." बदलूशेठचाही आला. त्याने गाडी बघितलीसुद्धा नव्हती. "क्रँक सेन्सर गेलाय ताई, इंजिन फिरतंय का ते सांगणारा. बदलून टाकू."

मी फोन ठेवला. या खेपेस काही बदलायचं तर आधी बिघाड काय ते कळायला हवं होतं. मला थांबाबाई आठवल्या.

३

थांबाबाई म्हणजे तंत्रशाळेतल्या निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं मुलांना गाड्यांची वायरिंग शिकवली. कुणी पाना उचलला रे उचलला की त्या म्हणायच्या, "थांबा." मुलांनी नाव ठेवलं, ते त्यांनी मुकाट्याने पत्करलं. आता त्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. आत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर पाने मापाप्रमाणे लावलेले, आणि फरशी अशी की तिच्यावर जेवायला बसावं. माझी गाडी शुक्रवारी सकाळी दुसऱ्या गाडीला बांधून तिथे नेली.

बाईंनी गाडीला हात लावला नाही. आधी मला खुर्चीवर बसवलं आणि प्रश्न विचारले. कधी, कुठे, किती वेगात, इंजिन गरम होतं का, घड्याळात किती वाजले होते. मी सगळं सांगितलं. घड्याळाचंही सांगितलं, दोन्ही घड्याळांचं, हसून. त्या हसल्या नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मग त्यांनी एक हातभर वायर असलेलं यंत्र स्टिअरिंगखालच्या खाचेत लावलं.

"क्रँक सेन्सरचा कोड आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे बदलूशेठ बरोबर बोलला."

"कोड म्हणजे फक्त दुखतंय कुठे ते. का दुखतंय ते कोड सांगत नाही. तुझं पोट दुखलं तर कुणी पोट बदलतं का?" त्यांनी बटणं दाबली आणि एकदम थांबल्या. चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा वाचलं. "गाडीची मेमरी कुणी पुसली?"

"बदलूशेठने, कॉइल बदलली तेव्हा. दोन-अडीच आठवडे झाले."

"छे. गाडी स्वतः मोजत असते. मेमरी पुसल्यावर ती फक्त एकोणीस किलोमीटर चालली आहे. तुझी सकाळची फेरी केवढी?"

"अकरा."

"आणि दुपारी शाळेपासून रुळांपर्यंत?"

"आठ," मी म्हणाले.

"म्हणजे गुरुवारच्या पहिल्या फेरीआधी कुणीतरी ती पुसली." बाईंनी वही उघडली. "किती वाजता, तेही तुझ्या वेड्या घड्याळाला ठाऊक आहे. बॅटरीची तार काढली की आतल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात आणि या गाडीचं घड्याळ बारावर येऊन उभं राहतं. तार परत जोडली की तिथून पुढे चालायला लागतं. दुपारी बारा चाळीसला ते सात दहा दाखवत होतं. म्हणजे सात तास दहा मिनिटांपूर्वी त्याचे बारा वाजले होते. बारा चाळीसमधून तेवढे वजा कर."

मी बोटांवर मोजलं. साडेपाच.

"संध्याकाळचे नाहीत?"

"बुधवारी संध्याकाळी साडेपाचला गाडी कुठे होती?"

"रस्त्यावर. मी शिकवणीची मुलं सोडत होते."

"मग पहाटेचेच. आणि घड्याळ दोन आठवडे रोज चुकत होतं म्हणालीस." बाईंनी वही मिटली. "कुणीतरी रोज पहाटे तुझ्या गाडीची जीभ बांधत होतं, पोरी. ती तुला सांगू पाहत होती, पण तिला बोलू दिलं नाही."

माझ्या गाडीत रोज नऊ मुलं बसतात. त्यातलं एक माझं.

४

"घाबरण्याआधी पुरावा," बाई म्हणाल्या आणि गाडी जॅकवर चढवून खाली शिरल्या. मी बाहेर उभी राहून बोटं मोडत होते. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि टॉर्च धरली.

धुराच्या नळीला चिकटून एक बारीक काळी तार लोंबत होती. तिच्यावरचं आवरण नखभर वितळून आतलं तांबं दिसत होतं.

"ही क्रँक सेन्सरची तार. हिला वर धरायला इथे लोखंडी पट्टी असते. कुणीतरी शेजारचा सेन्सर बदलताना ती काढली आणि परत लावायचा कंटाळा केला. प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधली, ती उष्णतेने वितळली. आता गाडीला धक्का बसला की उघडी तार नळीला टेकते आणि इंजिन मरतं."

"धक्का," मी म्हणाले. "गतिरोधकावर उचकी."

"आणि रुळांवर सगळ्यात मोठा धक्का. म्हणून नेमकी तिथे बंद पडली. त्यात कुणाचा डाव नाही."

तेवढ्यात बदलूशेठ स्वतःच आला, हातात नव्या सेन्सरचं खोकं घेऊन. बाईंनी त्याला तार दाखवली. तो कधीकाळी त्यांचाच विद्यार्थी. खोकं पाठीमागे लपवून उभा राहिला.

"पट्टी तूच काढलीस?"

"घाई होती बाई." त्याने मान खाली घातली. "चुकलं माझं."

"आणि पहिल्यांदा दिवा कशासाठी लागला होता, ते कोडवरून बघितलंस?"

बाई उठल्या, पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवून काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. झाकणाच्या आतली रबरी चकती चिरली होती. तिथून वाफ बाहेर जात होती, आणि दोन महिन्यांपूर्वीचा तो दिवा तेवढ्यासाठीच होता. तीन भाग बदलले, चकती राहिली.

"आता हे सांग," बाई म्हणाल्या, "बॉनेट उघडायचा खटका आत, ड्रायव्हरच्या पायाशी असतो. दार फोडलेलं नाही. या गाडीची दुसरी किल्ली तुझ्याकडे होती म्हणे. पहाटे साडेपाचला तू कुठे असतोस?"

"झोपलेला असतो, विचारा कुणालाही. आणि किल्ली मी कधीच परत दिली. घरी जाऊन आजोबांच्या हातात." तो माझ्याकडे वळला. "आईशप्पथ ताई. तार बांधली नीट नाही, पण मुलांच्या गाडीशी मी खेळणार नाही."

मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. मग उरला गॉगल. मी त्याला फोन लावला आणि बाईंनी आवाज मोठा करायला सांगितला.

"रुळांवर अडकणार हे तुम्हाला कसं कळलं?" मी सरळच विचारलं.

"त्यात कळायचं काय? रोज तुमच्या मागे असतो मी. मागच्या आठवड्यात दोनदा तुमची गाडी रुळांवर ठसकली. भलं सांगायला गेलो तर तुम्ही खिडकीची काच वर केलीत."

केली होती. मला वाटलं होतं, हा मला हिणवतोय.

"साडेपाचला तुम्ही आवारात असता ना?" मी विचारलं. "कामगारांची पहिली फेरी असते तुमची."

"असतो की. वहिनीही असतातच. रोज बॉनेट उघडून पाणीबिणी बघत असतात. अंधुक असतं, चेहरा दिसत नाही, पण मी हॉर्न दिला की बॉनेटमागून हात वर होतो."

"मी साडेपाचला अंथरुणात असते," मी म्हणाले.

पलीकडून गॉगल म्हणाला, "मग तो हात कुणाचा?"

५

दुसरी किल्ली आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असते. बाहेरचं कुणी घरात येत नाही. घरात माणसं तीन. एक मी. एक दहा वर्षांची लेक, जिला सकाळी सातला उठवताना माझा जीव जातो.

आणि गाडी नाही म्हणून लेक आज शाळेला गेली नव्हती. ती घरी होती, आजोबांबरोबर, एकटी.

भीतीला अक्कल नसते. ज्या माणसाने माझ्या लेकीला मांडीवर झोपवलं, आजारी मुलाची शी-शू काढली, त्याच्याबद्दल मी त्या दहा मिनिटांत काय काय विचार केला ते लिहायची मला लाज वाटते. त्यांचा मुलगा गेला आणि मी त्याच्या जागेवर बसले, हे त्यांना खुपत असेल. मी नको असेन. ते आमच्या गाडीत कधी बसतच नाहीत. का बसत नाहीत? थांबाबाई आपली जुनी स्कूटर चालवत होत्या आणि मी मागे बसून त्यांचा खांदा इतका घट्ट धरला होता की त्या म्हणाल्या, "अगं, मोडशील."

जिना मी दोन-दोन पायऱ्या घेत चढले. दार उघडंच होतं. आत शिवणयंत्राचा आवाज नव्हता. लेकीचाही आवाज नव्हता. मी हाक मारली. उत्तर आलं नाही.

मी आतल्या खोलीचं दार ढकललं.

लेक जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती, कानात गाणी. मामंजी खिडकीशी बसले होते, हातातल्या चष्म्याच्या डबीचा रबरबँड ओढत, खाली गाडीच्या रिकाम्या जागेकडे बघत. मी लेकीला उठवून उगाचच पोटाशी धरलं. ती म्हणाली, "आई, रंग सांडेल."

थांबाबाई मागून आल्या. मामंजींना नमस्कार करून समोर स्टुलावर बसल्या. मला वाटलं, आता त्या किल्लीचं विचारणार. त्यांनी भलतंच विचारलं.

"आजोबा, तुमचा चष्मा तर नाकावर आहे. रात्री तो कुठे ठेवता?"

"उशाशी," मामंजी म्हणाले. "तसाच. डबीत नाही."

"मग त्या डबीत काय आहे, की झाकण लागत नाही?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. मग रबरबँड सोडला आणि डबी बाईंच्या हातात दिली. आत दहा नंबरचा पाना होता. बॅटरीची तार त्याच मापाने सुटते. माझ्या सीटखालच्या पेटीतला तो पाना मी दोन आठवडे शोधत होते.

६

"का?" मी विचारलं.

बाईंनी लेकीला पाणी आणायला पाठवलं.

"तू म्हणालीस दिवा लागला तर जाणार," ते म्हणाले. "पोरीला घेऊन. मी बदलूशेठला बघितलं होतं. तार काढायची, पाव तास थांबायचं, परत जोडायची. दिवा जातो. मला वाटलं, तू उठायच्या आत बघून येत जावं. पेटलेला असला तर विझवावा."

"आणि असायचा पेटलेला?"

"रोज." त्यांनी रबरबँड बोटाला गुंडाळला. "रोज गं. पुसून यायचो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तस्साच. मला झोप लागेनाशी झाली. वाटायचं, सांगून टाकावं. पण सांगितलं की तू जाणार. तिकडे गॉगल हॉर्न द्यायचा, मी आपला हात वर करायचो. काल तू म्हणालीस, दिवा लागला नव्हता..." ते थांबले. "नऊ पोरं होती आत."

थांबाबाई पुढे वाकल्या. "आजोबा, बघताना इंजिन सुरू करत होता?"

"नाही. आवाज होईल म्हणून. किल्ली नुसती अर्धी फिरवायचो, दिवे लागतात तिथपर्यंत."

बाईंनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. "अर्धी किल्ली फिरवली की तो दिवा लागतोच. चांगल्या गाडीतही लागतो. लागलाच पाहिजे. दिवा शाबूत आहे हे तो दाखवतो, आणि इंजिन सुरू झालं की विझतो. तुम्ही रोज बघितलात तो बिघाड नव्हता, ती दिव्याची हजेरी होती."

मामंजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"पण पुसल्यामुळे खरा बिघाड लपला," बाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही, पण सौम्यही केला नाही. "गाडी एका उचकीवर बोंब ठोकत नाही. ती दोन-तीन दिवस खात्री करते आणि मग दिवा लावते. तुम्ही तिला रोज पहिल्या दिवसावर आणून सोडत होता. तार जळत होती ते तिला ठाऊक होतं. सांगायची उसंत मिळाली नाही."

मला राग आला होता. आजही येतो. मी भीतीपोटी एक वाक्य बोलले, त्यांनी भीतीपोटी ते पोटात ठेवलं, आणि त्या दोन भीतींच्या मध्ये नऊ मुलं रुळांवर बसली होती. मी ते त्यांना तसंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग स्वतःचे दोन्ही तळहात बघत बसले.

लेक पाणी घेऊन आली. तिने पेला आधी आजोबांना दिला.

शनिवारी बदलूशेठने बाईंच्या डोळ्यांदेखत नवी तार घातली, लोखंडी पट्टी लावली आणि टाकीच्या झाकणाची चकती बदलली. सेन्सर जुनाच राहिला. तो ठणठणीत होता. रविवारी बाई माझ्याबरोबर बसल्या आणि आम्ही रिकामी गाडी रुळांवरून सहा वेळा नेली.

कागद लिहिताना बाईंनी विचारलं, "पहाटेचं लिहू का? तारेपुरतं लिहिलं तरी शाळेला पुरेल."

मी मामंजींकडे बघितलं. तेच म्हणाले, "लिहा. पुसापुशी पुष्कळ झाली."

सोमवारी मुख्याध्यापिकेने तो कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "आणि यापुढे रोज सकाळी गाडी कोण बघणार?"

"आम्ही दोघं," मी म्हणाले. त्यांनी कागदावर सही केली. नऊपैकी दोन मुलांच्या घरच्यांनी मात्र त्यांना पुन्हा माझ्या गाडीत बसवलं नाही. त्यांना मी दोष देत नाही.

त्या दुपारी मामंजी पहिल्यांदा गाडीत बसले. लेकीने आपली पुढची जागा त्यांना दिली. बसताना त्यांनी माझ्या सीटवरून हळूच बोट फिरवलं, आणि ते का बसत नव्हते ते मला कळलं. सीटच्या कव्हरावर, माझ्या पाठीमागे, आपल्या मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर त्यांनी बारीक टाक्यांत शिवलं होतं. तीन वर्षं मी त्याच्यावर टेकून बसत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

"फिरवा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या बाजूला वाकून किल्ली अर्धी फिरवली. पिवळा दिवा लागला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, पण किल्ली सोडली नाही. पुढे फिरवली. इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला.

फाटकाशी आलो. बारा चाळीस. फाटक उघडं होतं. माझ्या तळहातांना घाम आला होता, आणि मला वाटतं तो तिथे कायमच येणार. गाडी रुळांवर चढली. एक धक्का बसला, दुसरा बसला. मामंजींचे डोळे काट्यांखालच्या त्या एवढ्याशा काळ्या जागेवर खिळले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता पेटला तर?"

"मला सांगायचं."

"आणि मग तू..."

"मग गाडी थांबवायची, मुलांना उतरवायचं आणि थांबाबाईंना फोन करायचा," मी म्हणाले. "आणि मग घरी जायचं मामंजी. आपल्या घरी."

मागची चाकं रूळ ओलांडून खाली उतरली. त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली, झाकण लावून बघितलं. ते लागलं.